परवान्याची परीक्षा

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक भाऊ येतात. वय पस्तिशीच्या आसपास. अकरा वर्षे ते मालमोटारीवर क्लीनर आहेत. मालमोटार म्हणजे आपला ट्रक. चाक बदलावे तर भाऊंनी. गाडी मागे घेताना "येऊ द्या, येऊ द्या" अशी हाळी द्यावी तर भाऊंनी. कांद्याची गाडी घेऊन ते किती गावे फिरले, त्याला गणती नाही. पण स्टिअरिंग हातात घ्यायची सोय नाही. का? तर परवाना नाही.

एके रात्री वर्ग सुटल्यावर भाऊ मागे थांबले. म्हणाले, "गुरुजी, मला परवान्याची परीक्षा द्यायची हाय. एक दलाल भेटला. तो म्हणतो, पैसे टाक, उत्तरं मी सांगतो, तू फक्त बटन दाब. काय करू?"

आम्ही म्हटले, "भाऊ, पैसे खिशातच राहू द्या. तुम्हांला आता वाचता येतं. परीक्षा तुमची तुम्हीच द्या. तयारी आपण मिळून करू."

ती तयारी कशी केली, ते या धड्यात सांगतो. तुमच्यापैकीही कोणाला उपयोगी पडेल.

वाट कशी आहे?

गाडी चालवण्याचा आपल्या देशाचा कायदा १९८८ सालचा आहे. त्याचे नाव मोटार वाहन कायदा. परवाना नसेल, तर रस्त्यावर गाडी चालवता येत नाही.

मोठा ट्रक एकदम हाती मिळत नाही. आधी हलक्या गाडीचा परवाना काढावा लागतो. त्यासाठी वय १८ पुरे हवे. पहिल्यांदा मिळतो तो शिकाऊ परवाना. तो देण्याआधी नियमांची परीक्षा घेतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तीस दिवस झाले, की गाडी चालवून दाखवायची. मग पक्का परवाना.

हलक्या गाडीचा परवाना हाती येऊन एक वर्ष झाले, की मोठ्या मालमोटारीचे शिक्षण सुरू करता येते. त्यासाठी वय २० पुरे हवे आणि डॉक्टरचा दाखला हवा.

भाऊंनी विचारले, "आणि आठवीचा दाखला?"

पूर्वी तो लागत असे. आठवी पास नसेल, तर मालमोटारीचा परवाना मिळत नसे. २०१९ साली सरकारने ही अट काढून टाकली. शाळेचा दाखला नाही, म्हणून आता कोणाची वाट अडत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मालासकट ज्या गाडीचे वजन ७५०० किलोच्या आत धरले आहे, अशी मालाची गाडी हलक्या गाडीच्या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली हे पक्के केले. म्हणजे पहिल्या परवान्यावरही छोट्या टेम्पोवर पोट भरता येते.

परीक्षेत काय विचारतात?

मुख्य गोष्टी चार. रस्त्याची चिन्हे व नियम. अपघात झाला तर चालकाने काय करायचे. पहारेकरी नसलेले रेल्वे फाटक कसे ओलांडायचे. आणि गाडीत कोणती कागदपत्रे ठेवायची. शंभरातली साठ उत्तरे बरोबर आली, की पास. पंधरा प्रश्न असले, तर नऊ बरोबर यावे लागतात. परीक्षा मराठीत देता येते.

चिन्हे

चिन्हे पुष्कळ आहेत. एकेक पाठ करत बसू नका. आधी आकार पाहा.

गोल चिन्ह हुकूम देते. लाल काठाचे गोल असेल, तर मनाई किंवा मर्यादा. लाल गोलात ५० लिहिले, तर ५० च्या वर वेग नको. निळे गोल असेल, तर ती गोष्ट केलीच पाहिजे.

तीन कोनी चिन्ह सावध करते. पुढे वळण आहे, शाळा आहे, अरुंद पूल आहे.

चौकोनी चिन्ह माहिती देते. इथे दवाखाना आहे, इथे पेट्रोल पंप आहे.

दोन चिन्हे वेगळी आहेत. आठ कोनांचे लाल चिन्ह म्हणजे 'थांबा'. तीन कोनांचे टोक खाली असेल, तर 'दुसऱ्याला वाट द्या'.

भाऊ म्हणाले, "अकरा वर्सं ह्या पाट्या डोळ्यांसमोरून गेल्या. आज त्या बोलायला लागल्या."

घाटातला नियम

आम्ही विचारले, "घाटात रस्ता अरुंद आहे. एक गाडी चढते आहे, एक उतरते आहे. कोणी थांबावे?"

भाऊ म्हणाले, "लहान गाडीनं थांबावं."

हे चूक. उतरणाऱ्या गाडीने थांबावे आणि चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली, की पुन्हा उचलणे कठीण. ती मागे घसरली तर अनर्थ होतो. नियमामागचे कारण कळले, की नियम विसरत नाही.

रेल्वे फाटक

फाटकावर पहारेकरी नसेल, तर गाडी थांबवायची. क्लीनरने खाली उतरून रुळापाशी जायचे. दोन्ही बाजूंना पाहायचे. गाडी येत नाही अशी खात्री करून मग आपली गाडी पलीकडे न्यायची. क्लीनर नसेल, तर चालकाने स्वतः उतरायचे. मोठ्या रुंद रुळांच्या मार्गांवरची अशी फाटके २०१९ च्या जानेवारीपर्यंत बंद झाली. तरी नियम कायद्यात आहे, आणि प्रश्न विचारतात.

भाऊ हसले. "हे तर माझंच काम!" म्हणाले.

कागदपत्रे

परवाना, गाडीच्या नोंदणीचे पुस्तक, विमा, आणि धुराच्या तपासणीचा दाखला. मालाच्या मोठ्या गाडीला आणखी दोन कागद लागतात: गाडी धडधाकट असल्याचा दाखला आणि परमिट.

अपघात

हा भाग आला आणि भाऊ गप्प झाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या उस्तादांनी शिकवलं, धक्का लागला की थांबायचं नाही. एकदा रातच्याला सायकलवाल्याला धक्का लागला. उस्ताद थांबले नाहीत. मी आरशात बघत राहिलो. तो उठला का नाही, मला आजवर ठाऊक नाही."

वर्गात कोणी बोलले नाही. थोड्या वेळाने आम्ही कायदा वाचला. कायदा म्हणतो, चालकाने जखमी माणसाच्या औषधपाण्याची सोय करावी. जमाव खवळला असेल किंवा आपल्या हाताबाहेरची अडचण असेल, तरच त्यात सूट आहे. पोलिसांना खबर द्यावी. पोलीस तिथे नसतील, तर लवकरात लवकर आणि २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात जाऊन सांगावे. विमा कंपनीलाही कळवावे. आपल्या राज्यात १०८ नंबर फिरवला, की रुग्णवाहिका येते. ११२ वर पोलिसांची मदत मिळते.

मंडळी, हा प्रश्न परीक्षेत एका गुणाचा असतो. रस्त्यावर तो एका जिवाचा असतो. दलाल परीक्षेत उत्तर सांगेल. पण रात्री दोन वाजता सामसूम रस्त्यावर तो आपल्या शेजारी बसलेला नसतो. तिथे आपले उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

प्रश्न नीट वाचा

घरच्या सरावात भाऊंना पंधरापैकी सातच आले. आम्ही चुका पाहिल्या. तीन उत्तरे त्यांना येत होती. चूक वाचण्यात झाली होती. प्रश्न होता, 'पुलावर काय करू नये?' भाऊंनी 'काय करावे' असे वाचले.

नवीन वाचणाऱ्याचे असे होते. ओळखीचा शब्द दिसला, की आपण पुढे पळतो. म्हणून बोट ठेवून शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. 'नये', 'नाही', 'फक्त', 'कधीच' हे शब्द लहान असतात, पण सगळा अर्थ फिरवतात. सगळी उत्तरे वाचा, मगच बटन दाबा. नापास झालात तरी बिघडत नाही. परीक्षा पुन्हा देता येते.

भाऊंनी तीन आठवडे रोज अर्धा तास सराव केला. घरी त्यांची मुलगी प्रश्न विचारी आणि ते उत्तर देत. परीक्षेच्या दिवशी दलाल दारातच उभा होता. भाऊ त्याला म्हणाले, "मला वाचता येतं." आणि आत गेले.

पंधरापैकी बारा उत्तरे बरोबर आली.

आता गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावून ते गाडी शिकत आहेत. शेजारी परवानेवाला चालक बसतो. शाळेपाशी तीन कोनी पाटी दिसली, की भाऊ ती मोठ्याने वाचतात आणि वेग कमी करतात. शेजारचा हसतो. हसू दे. वाचलेले पाळायचे असते.

प्रश्न

१. गोल, तीन कोनी आणि चौकोनी चिन्हे काय सांगतात?
२. अरुंद घाटात कोणत्या गाडीने थांबावे? का?
३. अपघात झाल्यावर चालकाने कोणत्या गोष्टी कराव्यात?
४. भाऊंनी दलालाला पैसे दिले असते, तर त्यांचे काय नुकसान झाले असते? आपसात बोला.
५. तुमच्या गावाजवळच्या रस्त्यावर कोणती चिन्हे आहेत? पाहून या आणि पाटीवर काढा.