एल-रोई : पाहणारा देव

आजचं वाचन: उत्पत्ती 16:1-14



मागच्या महिन्यात माझी नोकरी गेली. आईला सांगायचं धाडस होईना, म्हणून आठवडाभर रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडायचो. बागेतल्या बाकावर बसून हा अध्याय वाचला.

हागार, मिसरी दासी. गरोदर, आणि सारायच्या जाचाला कंटाळून पळालेली. या अध्यायात अब्राम आणि साराय बोलताना तिचं नाव एकदाही घेत नाहीत. त्यांच्या तोंडी ती नुसती ‘दासी’. शूरच्या वाटेवर झऱ्यापाशी परमेश्वराचा दूत मात्र तिला नावाने हाक मारतो. विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? पहिल्याचं उत्तर ती देते. दुसऱ्याचं देत नाही. माझ्याकडेही ते नव्हतं.

मग तीच देवाला नाव देते: एल-रोई. हिब्रूत ‘एल’ म्हणजे देव. ‘रोई’ हा पाहण्यावरून आलेला शब्द. तिची अडचण लगेच सुटली नाही, उलट तिला परत जायला सांगितलं गेलं. पण देव आपल्याला पाहतो, हे आता तिला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. नोकरी अजून नाही. लपणं मात्र थांबलं.

प्रार्थना: प्रभू, तू मला पाहतोस. मला लपू देऊ नकोस. आमेन.