घरकुल मंजूर, पण जागा कुठे?



“सरकार आदिवासींना घरे देते, मग आपण त्या कामात का पडायचे?” असे आपल्यापैकी पुष्कळ जण मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. या पाठात त्याचे उत्तर आपण योजनांच्या बदलत्या नियमांत शोधू.

खेड, मावळ आणि मुळशी तालुक्यांत कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे, म्हणून कातकरी. तो धंदा गेला. आता पावसाळा सरला की बरीच कुटुंबे वीटभट्टीवर जातात. त्यांची झोपडी पुष्कळदा दुसऱ्याच्या जमिनीवर असते. शेतीला मजूर हाताशी हवा, म्हणून पूर्वी मालक हरकत घेत नसे. चाकणला एमआयडीसी आली, गुंठ्याला भाव आला आणि झोपडीखालची जमीनही विकाऊ झाली.

आता नियम पाहू. २०१६ मध्ये इंदिरा आवास योजनेच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये ठरले. लाभार्थी निवडायचे ते मात्र २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावरून. भट्टीवर गेलेले कुटुंब अशा यादीतून सहज सुटते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन अभियान सुरू झाले. महाराष्ट्रात ते कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन समाजांसाठी आहे. त्यात घराला २ लाख रुपये मिळतात आणि त्यासाठी वाड्यांचे नव्याने सर्वेक्षण झाले. जुन्या यादीची अडचण दूर झाली. हा बदल खरोखर चांगला आहे.

पण परक्याच्या सातबाऱ्यावर घरकुल उभे राहत नाही. रक्कम वाढली तरी ज्याच्या पायाखाली स्वतःची जागा नाही, त्याला ती उपयोगी पडत नाही. भूमिहीनाला जागा मिळवून देणे ही राज्याची जबाबदारी आहे. त्यासाठी मला तीन वाटा दिसतात.

१. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे वस्तीची जागा गावठाणात घेण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे.

२. वनजमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून राहणाऱ्या आदिवासी कुटुंबाला वनहक्क कायद्याखाली (२००६) राहत्या जागेचाही दावा करता येतो. तो ग्रामसभेपुढे मांडावा लागतो.

३. जागा विकत घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. पन्नास हजारांपासून सुरू झालेली ही मदत चाकणच्या भावापुढे तोकडी पडते.

या तिन्ही वाटांवर कागद लागतात : जातीचा दाखला, आधार, बँकेचे खाते, वास्तव्याचा पुरावा. आपले काम इथे आहे. घर बांधायला सरकारचा पैसा आहे. पण दाखल्यासाठी तहसील कचेरीत, योजनेसाठी घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात आणि दाव्यासाठी ग्रामसभेत त्यांच्या शेजारी बसायला माणूस लागतो. तिथे जाताना एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून पुष्कळ जण अर्ध्यावर सोडतात.

गटात चर्चेसाठी :
• पिंपरी-चिंचवडमधील आपल्या घराच्या विटा कोणी थापल्या असतील? ते आज कुठे राहतात?
• आपल्या मंडळीत महसुली कामाचा अनुभव असलेले कोण आहे? महिन्यातून एक दिवस ते देऊ शकतील का?
• एका कुटुंबाची बुडालेली मजुरी आपला गट भरून देऊ शकेल का?