मूठ मागे येते, स्क्रू का येत नाही?

प्रश्न : आमच्या कपाटाच्या बिजागऱ्या बसवताना सुतार स्क्रू ड्रायव्हरची मूठ नुसती पुढे-मागे फिरवत होता. हात एकदाही सोडला नाही, तरी स्क्रू आतच जात राहिला. मागे फिरवताना तो सैल कसा होत नाही?

उत्तर : तो रॅचेट स्क्रू ड्रायव्हर. परतताना फिरत होती ती फक्त मूठ. दांडी आणि स्क्रू जागेवरच होते.

मुठीच्या आत दांडीवर छोटं दातेरी चाक असतं आणि स्प्रिंगने त्यावर दाबलेला खटका. मूठ उजवीकडे फिरवली की खटका दात्याला अडतो आणि दांडीला सोबत नेतो. डावीकडे आणली की तोच खटका दात्यावरून घसरून पुढच्या खाचेत पडतो. टिकटिक होते ती त्या पडण्याची. पायडल न मारता सायकल उतारावर सोडली की मागच्या चाकातून येणारा आवाजही असाच खटक्यांचा. मुठीवरची कडी फिरवली की उलट दिशेचा खटका लागतो आणि तेवढ्याच हालचालीत स्क्रू बाहेर येतो. कडी मध्यावर ठेवली की दोन्ही खटके अडतात, मग तो साधा स्क्रू ड्रायव्हर.

दाते किती, हे अडचणीच्या जागी फार महत्त्वाचं. चाकाला 24 दाते असतील तर पुढचा दाता धरायला मूठ 15 अंश मागे आणावी लागते. 72 असतील तर 5 अंश पुरतात. कपाटाच्या कोपऱ्यात मनगट वळवायला जागा नसते, तिथे हा फरक हाताला लगेच कळतो.

विजेची ड्रिल हाताशी नव्हती तेव्हा सुतारांकडे याचा एक देखणा प्रकार असे : फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रदर्सचा ‘यांकी’. त्याच्या दांडीवर मळसूत्री खाचा होत्या. मूठ नुसती खाली दाबली की दांडी गरगर फिरे. ही कंपनी 1946 मध्ये स्टॅन्लेने घेतली.

आता खरी गोम. घसरणारा खटका दांडीला थोडं मागे ओढतोच. स्क्रू तरीही हलत नाही, कारण लाकडाने त्याचे आटे घट्ट धरलेले असतात. स्क्रू नुकताच लावलेला असेल तर ही पकड नसते आणि तो मुठीबरोबर मागे येतो. म्हणून सुरुवातीचे फेरे दांडी बोटांनी फिरवून द्यावेत. उलट, गंजून बसलेल्या स्क्रूवर रॅचेट लावूच नये. सगळा जोर एक-दोन बारीक दात्यांवर येतो आणि ते तुटतात. तिथे अखंड दांडीचा साधा स्क्रू ड्रायव्हरच हवा.

विकत घेताना दांडी दोन बोटांत हलकी धरा आणि मूठ मागे फिरवा. दांडी बोटांतून निसटून सोबत फिरू लागली तर दुसरा दाखवायला सांगा.