न कळलेला भाव कसा काढावा?

समजा, धसईच्या बाजारात एका शेतकऱ्याने ६ पोती भात विकले. व्यापाऱ्याने मागच्या उधारीचे ३०० रुपये कापले. शेतकऱ्याच्या हाती ८,७०० रुपये आले. मग पोत्याला भाव काय पडला?

भाव ठाऊक नाही ना? नसू द्या. त्याला आपण 'भ' म्हणू. आता घडले तसेच लिहू.

६ × भ − ३०० = ८,७००

अशा मांडणीला समीकरण म्हणतात. = या खुणेच्या दोन बाजू म्हणजे तराजूची दोन पारडी. एका पारड्यात जे घालाल तेच दुसऱ्यात घाला, म्हणजे दांडी सरळ राहते. कापलेले ३०० दोन्हीकडे मिळवा.

६ × भ = ९,०००

दोन्हीकडे ६ ने भागा.

भ = १,५००

ताळा पाहा. ६ × १,५०० = ९,०००. त्यातून ३०० गेले, उरले ८,७००. बरोबर!

पण बोलणे १,५५० चे झाले असेल तर? पोत्यामागे ५०, म्हणजे एकूण ३०० रुपये कमी आले. आता विचारता येईल, "शेट, हे ३०० कुठे गेले?"

ही रीत जुनी आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' हा ग्रंथ लिहिला. त्यात न कळलेल्या संख्येला 'यावत्तावत्' म्हटले आहे. म्हणजे, जेवढे असेल तेवढे.

२०१६ साली धसईच्या दुकानांत कार्डाने पैसे घेणारी यंत्रे आली. यंत्र आकडा दाखवते. तो बरोबर आहे का, हे आपणच पाहायचे.

आता तुम्ही मांडा : ४ दिवस काम केले. १०० रुपये उचल कापली. हाती १,५०० आले. रोजची मजुरी किती? ताळा पाहायला विसरू नका.