आमच्या दरीतले पाणी कोठे जाते?

(परिसर अभ्यास, इयत्ता ४ थी)

आपल्या नांदेड जिल्ह्यात सगळ्यांत जास्त पाऊस किनवट आणि माहूर या भागात पडतो. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा आमच्या वर्गातली सगळी मुले हसली. कारण चैत्र लागला की आमच्या आया आणि मोठ्या बहिणी नाल्याच्या वाळूत झिरा खणतात आणि वाटीवाटीने घागर भरतात. माझी ताई सातवीत आहे. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, पण ती दुसऱ्या तासाला येते. झिऱ्यावर नंबर लावावा लागतो ना! मग एवढा पाऊस जातो कोठे? हा प्रश्न घेऊन आम्ही यंदा परिसर अभ्यास केला. डोंगरावर गेलो, नदी पाहिली, गड पाहिला. त्यातून जे शिकलो ते येथे लिहितो.

आमची दरी

आमचे गाव किनवट तालुक्यात दोन डोंगरांच्या मध्ये आहे. गावात कोठेही उभे राहिले तरी डोंगर दिसतो. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला सातमाळा डोंगराच्या रांगा आहेत आणि दक्षिणेला बालाघाटच्या. बालाघाट पुढे लातूर जिल्ह्यातही पसरलेला आहे. आमचे डोंगर उत्तरेकडचे. त्यांच्या पलीकडे पैनगंगा नदी वाहते. नदीच्या त्या तीराला यवतमाळ जिल्हा आणि पैनगंगा अभयारण्य आहे.

सन १९५६ पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग तो नांदेड जिल्ह्यात आला. म्हणून आमच्या भागात मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू बोलीही ऐकू येते. माझा बाकावरचा मित्र गोंड आहे. तो घरी पाण्याला येर म्हणतो. शेजारच्या काकू तेलुगू बोलतात, त्या नीळ्ळू म्हणतात. शब्द वेगळे, पण झिरा सगळ्यांचा एकच.

डोंगर कसे झाले?

मला आधी वाटायचे की डोंगर म्हणजे मातीचा मोठा ढीग. तसे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला लाव्हा बाहेर आला आणि पसरला. तो थंड होऊन दगड झाला. त्यावर पुन्हा लाव्हा आला. असे थरावर थर बसले, भाकरीवर भाकर ठेवतात तसे. हाच आपला काळा दगड. त्याला बेसॉल्ट म्हणतात. आपल्या महाराष्ट्राचा बराच मोठा भाग याच दगडाचा आहे.

नंतर पावसाने आणि नद्यांनी हा दगड लाखो वर्षे कापला. मऊ थर झिजला, कठीण थर राहिला. म्हणून आमच्या डोंगरांना पायऱ्या दिसतात आणि माथा सपाट असतो. म्हणजे डोंगर वर आला नाही, दरी खाली गेली! ही गोष्ट मला फार आवडली. आमची दरी पाण्यानेच कोरली आहे.

किनवटच्या बाजूला काही ठिकाणी चुनखडीचा दगडही सापडतो. तो काळ्या दगडापेक्षा फार जुना आहे. तो उथळ समुद्राच्या तळाशी तयार झाला. म्हणजे आज जेथे आपण कापूस आणि तूर पेरतो, त्या भागात कधी काळी समुद्र होता.

नाल्याने वर

पोळा झाल्यावर एका शनिवारी गुरुजी आम्हांला नाल्याच्या काठाने डोंगरावर घेऊन गेले. प्रत्येकाजवळ वही, पेन्सिल आणि भाकरी होती. गुरुजी म्हणाले, "पायांखाली काय आहे ते पाहत चला."

गावाजवळ माती काळी आणि खोल होती. ओल्या मातीत पाय रुतत होता. थोडे वर गेल्यावर माती तांबूस आणि मुरमाड झाली. आणखी वर उघडा कातळ लागला. तेथे काठी रोवायला गेलो तर ठक्क आवाज आला. काळ्या दगडात लहान लहान भोके होती आणि काहींत पांढरे चकाकणारे खडे होते. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, त्यांची ही भोके.

मग आम्ही दोन उतार पाहिले. एका उतारावर साग, धावडा, पळस, मोह, तेंदू आणि चारोळीची झाडे होती. खाली गवत आणि वाळकी पाने. पाने बाजूला सारली तर माती भुसभुशीत आणि ओली लागली. मोहाच्या झाडाखाली अस्वलाने उकरलेली जागा आमच्याबरोबरच्या एका गोंड आजोबांनी दाखवली. ते म्हणाले, "मोह म्हंजे आमचं दूधदुभतं. फूल खाता येतं, बियांचं तेल निघतं. हिरव्या मोहाला आम्ही कुऱ्हाड लावत नाही."

दुसरा उतार शाळेच्या मागचा. तेथे झाडे तुटलेली आहेत. गवत मुळापर्यंत चरलेले. पावसाने पडलेल्या घळी दिसत होत्या. त्यांत मी उभा राहिलो तर एक घळ माझ्या कमरेइतकी खोल भरली. पाऊस दोन्ही उतारांवर सारखाच पडला होता. पण एक उतार ओला होता, एक कोरडा. हे सगळ्यांनी वहीत लिहून घेतले.

सहस्रकुंड आणि माहूर

पुढच्या महिन्यात आमची सहल एस.टी.ने इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाला गेली. येथे पैनगंगा काळ्या कातळावरून खाली उडी घेते. पाण्याचा आवाज इतका की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नव्हते. अंगावर तुषार येत होते. सहस्रकुंड म्हणजे हजार कुंडे. खडकात लहानमोठे खळगे आहेत. पाण्याबरोबर गोटे गरगर फिरतात आणि खडक घासून खळगे पाडतात. आई पाट्यावर वरवंटा घासते, तेव्हा पाटाही झिजतो, तसेच हे. नदी दगड कसा कापते हे तेथे डोळ्यांनी पाहिले.

तेथून आम्ही माहूरला गेलो. माहूरला रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूया माता अशी तीन शिखरांवर तीन देवस्थाने आहेत. महाराष्ट्रात देवीची साडेतीन पीठे मानतात. तुळजापूर, कोल्हापूर आणि माहूर ही तीन पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे. रेणुकामातेला विड्याचा तांबूल असतो, तो प्रसाद आम्हांला मिळाला.

मग गड पाहिला. जुनी तटबंदी डोंगराच्या कडेकडेने गेली आहे. वरून पाहिले की चारी बाजूंना डोंगर, दऱ्या आणि जंगल दिसते आणि मधून पैनगंगा वळणे घेत जाते. धनोड्याकडचा रस्ता तिच्यावरच्या पुलावरून यवतमाळकडे जातो. मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, नदी तर खाली आहे. मग गडावरची माणसे पाणी कोठून आणत होती?" गुरुजींनी बोटाने तळे दाखवले. गडावर पडणारे पावसाचे पाणी जुन्या लोकांनी तळ्यात अडवले होते. शत्रूने वेढा घातला तरी माणसे, घोडी यांना पाणी मिळावे म्हणून. म्हणजे डोंगराच्या माथ्यावरही पाणी राहू शकते. अडवले तर!

पाणी कोठे जाते?

परत आल्यावर गुरुजींनी फळ्यावर नकाशा काढला. आमच्या नाल्याचे पाणी पैनगंगेला जाते. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीला मिळते. पुढे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते.

नांदेड शहराजवळून वाहणारी गोदावरीही तेथेच येते. लातूरची मांजरा कुंडलवाडीच्या बाजूला गोदावरीत आलेलीच असते. म्हणजे लातूरचे पाणी, नांदेडचे पाणी आणि आमच्या दरीतले पाणी सिरोंच्याजवळ एक होते आणि सगळे मिळून बंगालच्या उपसागराला जाते. आमच्या कौलावरून गळलेला थेंब समुद्रापर्यंत जातो हे ऐकून वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, "जाऊ द्या की गुरुजी, पण आमची घागर भरून जावं!"

गुरुजी म्हणाले, "हाच आजचा धडा."

आम्ही केलेला प्रयोग

तेलाचे दोन रिकामे डबे आडवे कापले. दोन्हींत सारखी माती भरली. एकात गवताचा थर मुळांसकट लावला. दुसऱ्यात नुसती माती ठेवली. दोन्ही डबे विटेवर टेकवून उतरते केले आणि पुढे एकेक वाटी ठेवली. मग झारीने दोन्हींवर एक एक तांब्या पाणी ओतले.

उघड्या मातीतून पाणी लगेच धावत आले. वाटी गढूळ झाली आणि तळाशी चिखल बसला. गवताच्या डब्यातून पाणी उशिरा आले, थोडे आले आणि जवळजवळ स्वच्छ आले. उरलेले पाणी मातीतच राहिले. आमचा ओतून झालेला तांब्या कोरडा झाला तरी त्या डब्यातून थेंब थेंब पडतच होते.

डोंगराचेही असेच आहे. काळा कातळ पाणी पीत नाही. पाणी जिरते ते वरच्या मातीत, मुरमात आणि दगडाच्या भेगांत. तेथून ते हळूहळू झिरपते आणि विहिरीच्या झऱ्याला येते. झाडे आणि गवत माती धरून ठेवतात. झाडे गेली की माती जाते. माती गेली की पाणी थांबायला जागाच उरत नाही. म्हणून आमच्याकडे श्रावणात नाला ओलांडता येत नाही आणि चैत्रात तोच नाला झाडून काढलेल्या अंगणासारखा होतो.

आपण काय करू शकतो?

दसऱ्यानंतर गावकऱ्यांनी आणि आम्ही मुलांनी नाल्यात वनराई बंधारा घातला. सिमेंटची रिकामी पोती वाळूने भरून, तोंडे शिवून एकावर एक रचली. मोठी माणसे पोती उचलत होती आणि आम्ही वाळू भरत होतो. बंधाऱ्यामागे पाणी साठले. म्हशी डुंबतात, बाया धुणे धुतात. शाळेजवळच्या विहिरीचे पाणी आम्ही दर सोमवारी गाठी मारलेल्या दोरीने मोजतो आणि वर्गाच्या भिंतीवर लिहितो. या सोमवारी ७ हात पाणी होते.

पण पोती एका पावसाळ्यात वाहून जातात. उतार उघडा राहिला तर नाला गाळाने भरतो. म्हणून शाळेमागच्या उतारावर आडवे समतल चर खणावेत, झाडे लावावीत आणि तीन पावसाळे तेथे गुरे सोडू नयेत, असा विचार गावात चालू आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजार गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, चर खणले आणि त्या गावाच्या विहिरींना पाणी आले. आज २६ जानेवारी. ग्रामसभेत हाच विषय आहे.

सगळ्यांना हे पटलेले नाही. माझ्या आजीच्या चार शेळ्या आहेत. ती म्हणाली, "डोंगर बंद केल्यावर माझ्या शेळ्या काय पाटी-पेन्सिल खातील का रे?" आजीचे म्हणणे खरे आहे. शेळीचे दूध विकूनच आजी माझ्या वह्या आणते. मी तिला सांगितले की सगळा डोंगर बंद करायचा नाही, फक्त नाल्याच्या वरचा तुकडा. आणि तेथले गवत विळ्याने कापून आणायला मुभा राहील. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कापून आणायचं असंल तर तूच आण. माझी कंबर राहिली न्हाई आता."

मी होय म्हणालो. शाळा सुटल्यावर रोज एक भारा आणीन.

आई-बाबांनो, काका-काकूंनो, ग्रामसभेला जाण्याआधी आमचे दोन डबे व्हरांड्यात ठेवले आहेत ते जरूर पाहा. शेजारी पाण्याची बादली आणि तांब्याही ठेवला आहे. स्वतः ओतून पाहा.

सांगा पाहू

१. आपल्या डोंगरांना पायऱ्या का दिसतात?
२. पैनगंगेचे पाणी गोदावरीला कोणकोणत्या नद्यांतून मिळते?
३. माहूरच्या गडावर पाणी कसे साठवत?
४. तुमच्या घरी रोज किती घागरी पाणी लागते? ते कोण आणते? मोजा आणि लिहा.