गांडूळ काहीही खातं? मग तुमचा बेड तोट्यात का जातो?

व्हिडिओमध्ये आपण गांडूळ खताचा बेड भरताना पाहिला. त्यात घाईघाईत सांगितलेला एक मुद्दा आज नीट समजून घेऊ, कारण नफा-तोटा तिथेच ठरतो.

आधी माझी एक चूक सांगतो. आमच्या एका बॅचमध्ये बचत गटाच्या एक ताई होत्या. "गांडूळ काहीही खातं, काळजी करू नका," असं मी त्यांना बिनधास्त सांगून टाकलं. त्यांनी गटातून कर्ज काढून बेड घेतला, गांडुळं आणली आणि उसाचं पाचट भरून वरून थोडं शेण शिंपडलं. दोन महिन्यांनी फोन आला, "सर, गांडुळं सुतासारखी बारीक राहिलीत. विकणाऱ्याने फसवलं का हो?" जाऊन पाहिलं. गांडुळं चांगली होती, खुराक चुकला होता. आणि तो माझ्या एका वाक्यामुळे चुकला होता.

गांडूळ नेमकं काय खातं?

खतासाठी आपण बहुतेक वेळा आयसेनिया फेटिडा ही जात वापरतो. ती खोल मातीत राहत नाही. वरच्या थरातल्या कुजणाऱ्या पदार्थांवर जगते. तिला दात नसतात, त्यामुळे कडक काडी चावता येत नाही. जिवाणू आणि बुरशी त्या काडीला आधी मऊ करतात आणि गांडूळ तो मऊ भाग त्या सूक्ष्मजीवांसकट गिळतं. म्हणजे आपण गांडुळाला खाऊ घालण्याआधी सूक्ष्मजीवांना खाऊ घालायचं असतं.

सूक्ष्मजीवांना कर्ब आणि नत्र दोन्ही लागतात. साधारण २५ ते ३० भाग कर्बाला १ भाग नत्र, हे प्रमाण चांगलं. पाचट, भुसा, वाळका पाला यांत कर्ब भरपूर, पण नत्र फार कमी. नुसतं पाचट भरलं की कुजणं रेंगाळतं, गांडूळ उपाशी राहतं आणि त्याची वाढ खुंटते. शेण, गिरिपुष्पाचा पाला, भाजीचा ओला कचरा यांतून नत्र मिळतं.

मग नुसतं ताजं शेण घालू का?

नाही! ताजं शेण कुजताना तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. गांडुळाला दोन्ही सोसत नाहीत. ती बेडच्या कडेला पळतात किंवा मरतात. शेण सावलीत पसरून, अधूनमधून पाणी मारून १५ ते २० दिवस थंड होऊ द्या. हात घातल्यावर कोमट लागलं, तर अजून थांबा.

गर्दीचं काय?

न्यूहाउझर, हार्टेनस्टाइन आणि कॅप्लान या संशोधकांनी १९८० मध्ये याच जातीवर अभ्यास प्रसिद्ध केला. अन्न मोजून दिलं आणि गर्दी वाढवली, तर प्रत्येक गांडुळाच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे त्यांनी तपासलं. गर्दी वाढली किंवा अन्न कमी पडलं, की वाढ मंदावते. म्हणून नुसती जास्त गांडुळं सोडून खत लवकर होत नाही. खुराकही त्या मानाने हवा.

आता हिशेब करू

खुराक, ओल आणि तापमान बरोबर असेल, तर कोषातून पिल्लं साधारण ३ आठवड्यांत निघतात. पुढे ६ ते ८ आठवड्यांत ती वयात येतात आणि त्यांच्या गळ्याजवळ जाडसर पट्टा दिसू लागतो. हा पट्टा तुमचा मोफत रिपोर्ट आहे. महिने उलटूनही पट्टा दिसत नसेल, तर आधी खुराक तपासा.

समजा, एका बेडमधून एका वेळी ६०० किलो खत निघतं. ६० दिवसांत तयार झालं, तर वर्षात ६ वेळा, म्हणजे ३,६०० किलो. खुराक चुकून ९० दिवस लागले, तर ४ वेळा, म्हणजे २,४०० किलो. फरक १,२०० किलोचा. किलोला ८ रुपये धरले तरी ९,६०० रुपये गेले, तेही एकाच बेडमागे! तुमच्या गावचा भाव टाकून हा हिशेब स्वतः करा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तीन टब घ्या. तळाला भोकं पाडा.
२. एकात नुसतं पाचट, दुसऱ्यात नुसतं थंड केलेलं शेण, तिसऱ्यात दोन्ही निम्मं-निम्मं भरा.
३. प्रत्येकात एकसारखी ५० गांडुळं वजन करून सोडा.
४. ओल सारखी ठेवा. मूठ दाबली की एक-दोन थेंबच यावेत. वर गोणपाट, जागा सावलीची.
५. दर १५ दिवसांनी गांडुळं हलक्या हाताने धुऊन, निथळून वजन करा. पट्टा आलेली किती, तेही वहीत लिहा.

दोन महिन्यांत तुमची वही माझ्यापेक्षा जास्त शिकवेल. मोठा बेड त्यानंतरच घ्या.

त्या ताईंचं काय झालं? पाचट बाहेर काढलं, थंड शेण मिसळून कुजवलं आणि पुन्हा भरलं. पट्टा दिसायला लागला, खत निघालं. हप्ते थोडे लांबले, पण कर्ज फिटलं. मी मात्र तेव्हापासून "काहीही खातं" हे वाक्य कुठल्याही बॅचमध्ये बोलत नाही.

टब भरलेत की कमेंटमध्ये पहिलं वजन लिहा. भेटू पुढच्या भागात!