टाकीतली तांबडी साय : पुडी टाकण्याआधी हे बघा

बंदीचे दोन महिने, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, होड्या वर असतात, माणसं घरी असतात, आणि मग घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीकडे नीट लक्ष जातं. तेव्हाच हा प्रश्न निघतो : वाळूवर आणि दगडांवर तांबडी-जांभळट साय धरलीय, हाताने ओढली तर चादरीसारखी सुटते, दोन दिवसांत परत हजर. दुकानात यावर पुडी मिळते, ती टाकायची का?

टाकू नका. निदान आधी तरी नको. का ते सांगतो.

ही साय म्हणजे खरं तर शेवाळ नव्हेच. हे जिवाणू आहेत, नाव सायनोबॅक्टेरिया. शाळेच्या पुस्तकात 'निळं-हिरवं शेवाळ' म्हणून शिकवतात ते हेच, पण रंग तांबडाही असतो. उजेडावर जगतात, प्राणवायू सोडतात, म्हणून दुपारी त्या सायीत बुडबुडे अडकलेले दिसतात. यांच्या एका भावकीला तुम्ही चांगलं ओळखता. शिमग्याच्या आगेमागे, वारा पडलेला, ऊन कडक, आणि समुद्रावर लाकडाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे दिसतात ना, तो ट्रायकोडेस्मियम. दोनापावलाच्या एनआयओतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या किनाऱ्यावरच्या या भुशाचा अभ्यास केलेला आहे. तो कधी येतो बघा : पाणी संथ, गरम, आणि उजेड भरपूर. टाकीतही तेच गणित, वर आपण घातलेलं खाणं.

पण आधी खात्री करा की हीच साय आहे. टाकी नवी असेल आणि काचेवर, वाळूवर तपकिरी धूळ बसल्यासारखं दिसत असेल, तर ते डायटम. कापडाने पुसा, काही आठवड्यांत आपोआप जातं. तिसरा प्रकार त्रासाचा : तपकिरी, शेंबडासारख्या तारा, टोकाला बुडबुडे, सकाळी कमी आणि दुपारपर्यंत दाट. हे डायनोफ्लॅजेलेट. रात्री वल्हं मारल्यावर समुद्राचं पाणी चमकतं ते ज्याच्यामुळे, त्या नॉक्टिलुकाच्या जातकुळीतले. ओळखायचं असेल तर थोडा थर टाकीच्याच पाण्यात एका बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफी गाळायच्या कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात तासभर ठेवा. पुन्हा तारा जमल्या तर डायनो. हे मुद्दाम सांगतो, कारण याचा उपाय उलटा आहे. डायनो बहुतेक वेळा पाणी फार 'स्वच्छ' झाल्यावर, नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेल्यावर माजतात. तिथे पाणी बदलत बसलात तर आणखी वाढतील.

आता तांबड्या सायीकडे. पहिलं कारण खाणं, आणि आपल्या घरांत ते जरा जास्तच. सुंगटं, तारले घरात असतातच, मग पोरं दिवसातून चार वेळा तुकडे टाकतात. उरलेलं दगडामागे कुजतं, त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट सुटतं, साय त्यावर पोसते. यातल्या काही जाती पाण्यात विरघळलेल्या हवेतला नायट्रोजनसुद्धा वापरतात, म्हणून नायट्रेट कमी असलं तरी फॉस्फेट जास्त असेल तर त्यांचं भागतं. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. सुंगटाचा कीस आधी गाळणीत गोड्या पाण्याने धुवा, तो पांढरट रसच जास्त घाण करतो. पंधरा मिनिटांनी जे तळाशी दिसेल ते काढून टाका.

दुसरं, पाण्याची ओढ. बांधून ठेवलेल्या होडीच्या बुडाला लगेच बुळबुळ धरते, रोज चालणाऱ्या होडीला कमी धरते. टाकीत साय नेमकी मेलेल्या पाण्याच्या कोपऱ्यात बसते. २०० लिटरच्या टाकीत सगळे पंप मिळून तासाला निदान २००० लिटर पाणी फिरायला हवं, ४००० फिरलं तर उत्तम. खाण्याचा एक कण सोडून बघा, कुठे अडकतो. पंपाचं तोंड तिकडे वळवा. नवा पंप घेण्याआधी जुना साफ करा, जाळीत गाळ भरला की ओढ कमी होते.

उजेड दिवसाला आठ तास पुरे. टाकी खिडकीतल्या उन्हात असेल तर हलवा, नाहीतर त्या बाजूला काळा कागद लावा.

पाण्याबद्दल. पावसाळ्यात मांडवी-जुवारीच्या तोंडाशी भरलेलं पाणी टाकीला घालू नका, नदीच्या पुराने ते पार गोडं झालेलं असतं आणि सोबत गाळही आणतं. टाकीला हजारी ३५ च्या आसपास खारटपणा हवा, हायड्रोमीटरवर १.०२५. बंदीआधी, जेटीपासून लांब, डिझेलचा तवंग नसेल तिथून ड्रम भरून आणा आणि झाकून अंधारात ठेवा. ते नसेल तर दुकानातलं समुद्री मीठ आरओच्या पाण्यात. आणि उन्हाने टाकीतलं पाणी कमी झालं की वर खारं पाणी ओतू नका. वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. विहिरीचं पाणीही टाळा, शेताजवळच्या विहिरीत खताचा अंश उतरलेला असू शकतो.

साय काढताना घासू नका, तुकडे होऊन सगळीकडे पसरते. हवेच्या पंपाची बारीक नळी पाण्याने भरून घ्या, एक टोक सायीवर, दुसरं खाली बादलीत. आठवड्यातून दोनदा असं करा, दर वेळी १० ते १५ टक्के पाणी जाईल, तेवढं नवं भरा. फार माजली असेल तर तीन दिवस दिवे बंद आणि टाकी चादरीने झाकून ठेवा, पण हवेचा पंप चोवीस तास चालू हवा. मेलेली साय त्याच दिवशी ओढून काढा. ती कुजताना प्राणवायू खाते आणि मासे पहाटे वर येऊन तोंड उघडून मरतात.

पुडीचा धोका हाच, पण मोठ्या प्रमाणात. अशा पुड्यांत बऱ्याचदा एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक असतं. साय जिवाणूंची म्हणून ती एकदम मरते, एकदम कुजते. फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही मार खाऊ शकतात. आणि खाणं, ओढ, उजेड तेच राहिलं तर साय महिन्याभरात परत. शिवाय ती बादली कुठे रिकामी होणार? खाडीत, जिथे आपल्या बायका तिसऱ्यो आणि खुबे काढतात. प्रतिजैविकाचे अंश सापडले म्हणून भारतातल्या कोळंबीचा माल परदेशातून परत आलेला आहे, हे आपल्याला नवीन नाही. पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती घेऊच नका.

एक बाजूची गोष्ट. टाकीला दगड हवेत म्हणून जाळ्यात आलेलं पोवळं, समुद्रपंखा किंवा घोडामासा घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहेत. जाळ्यातून सोडवून तिथेच पाण्यात सोडा. टाकीला दुकानातले सिरॅमिकचे दगड चालतात.

पहिल्या आठवड्यात फरक दिसणार नाही. साय परत धरेल, पण पातळ. तिसऱ्या आठवड्यात वाळू पांढरी राहू लागली की पाणी काढणं आठवड्यातून एकदा करा, खाणं मात्र वाढवू नका. काढलेली साय आणि ते पाणी नारळाच्या आळ्यात घालू नका, मीठ साठतं. शौचालयात ओता.